फारकतीचा कागद: काटोलच्या एका घराण्याचं प्रकरण

माझी नोकरी न्यायालयात गेली. आधी नक्कल विभाग, मग अभिलेख कक्ष. निवृत्त झाल्यावर लोक जुने कागद घेऊन घरी यायला लागले. कोणाला मोडी लागत नाही, कोणाला फसली सनाचा (जुन्या महसुली वर्षाचा) हिशेब जमत नाही, कोणाला नुसतं कोणत्या खिडकीवर जायचं एवढंच विचारायचं असतं. मागच्या पावसाळ्यात मिहानमध्ये नोकरी करणारी एक पोरगी आली. घराणं मूळ काटोल तालुक्यातलं, कुणबी. आता दोन पिढ्या नागपुरात. भावाच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा म्हणून तिने तहसीलमधून गावच्या कोतवाल बुकाच्या (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला काढल्या होत्या. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, ही कोण?"

नोंद १९४४ ची. पणजोबांचं नाव, त्यापुढे "यास मुलगी", जात कुणबी. कोतवाल बुकात बहुतेक वेळा असंच असतं. बापाचं नाव येतं, आईचं येत नाही, आणि बाळाचं तर अजून ठेवलेलंच नसतं. घोळ असा की घरच्या वंशावळीत पणजोबांचं लग्न १९४८ चं आणि पहिलं मूल, म्हणजे तिचे आजोबा, १९५० चं. पणजोबांना आधीची एक बायको होती एवढं घरात माहीत होतं. ती "पहिल्याच बाळंतपणात गेली" असं तीन पिढ्या सांगत आल्या होत्या.

पोरगी हुशार. ती म्हणाली, त्याच बुकात मृत्यूची पानं आहेत, ४४ आणि ४५ ची दोन्ही वर्षं मी पाहिली, ना बाईचा मृत्यू आहे ना मुलीचा. शिवाय काटोलकडची एक म्हातारी आजी कधीतरी बोलून गेली होती की त्या दोघांची "कोर्टातून सोडचिठ्ठी" झाली होती. तेव्हा काका, घटस्फोटाचं रेकॉर्ड कुठे मिळतं तेवढं सांगा.

आणि इथे मी चुकलो. सवयीनं मी तिला जिल्हा न्यायालयातल्या हिंदू विवाह अर्जांच्या नोंदवहीकडे पाठवलं. म्हटलं १९५५ ते ६० बघून घे. एका वकील मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, ४७ चा मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा आहे ना, त्याखाली असेल, ४७ पासून बघा. दोन आठवडे गेले. नोंदवहीत काही नाही. मग एका रात्री मला माझीच लाज वाटली, कारण जो कायदा आम्ही धरून बसलो होतो तो नागपूरला कधी लागूच नव्हता.

१९४७ साली नागपूर मुंबई इलाख्यात नव्हतं. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं. १९५० पासून मध्य प्रदेशची राजधानी झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईच्या हिंदू बाईला १९४७ पासून कोर्टात जाऊन घटस्फोट मागता येत होता. काटोलच्या बाईला त्यासाठी १८ मे १९५५ ची, म्हणजे हिंदू विवाह कायद्याची, वाट पाहावी लागली. त्याआधीचा हिंदू घटस्फोटाचा हुकूमनामा नागपूरच्या न्यायालयात शोधणं म्हणजे रेल्वे यायच्या आधीचं तिकीट शोधणं. आपल्याकडे लोक आजच्या नकाशावर जुनं रेकॉर्ड शोधतात. मीही तेच केलं, आणि माझं आयुष्य त्याच रेकॉर्डात गेलेलं.

ख्रिस्ती कुटुंब असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांच्यासाठी १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा होता, आणि त्यात जिल्हा न्यायाधीशाचा हुकूमनामा उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. ही अट २००१ च्या दुरुस्तीनं गेली. म्हणजे एका घटस्फोटाचे कागद दोन ठिकाणी पडून असतात. खाली नाही सापडला तर वर शोधायचा. नागपूर उच्च न्यायालय ९ जानेवारी १९३६ ला सुरू झालं. त्याचे छापील निकाल 'एआयआर नागपूर' (ऑल इंडिया रिपोर्टर) या मालिकेत मिळतात आणि कुठल्याही जुन्या वकिलाच्या कपाटात ते लाल-तपकिरी खंड दिसतात. पारशी समाजाचा कायदा निराळा, मुसलमान स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मागायचा १९३९ चा कायदा निराळा. धर्म, साल आणि तेव्हाचा प्रांत, हे तीन ठरल्याशिवाय दफ्तराला हात लावायचा नाही, हे मी नव्या पोरांना शिकवत आलोय.

मग हिंदूंमध्ये १९५५ च्या आधी काडीमोड होत नव्हता का? भरपूर होत होता. वरच्या समजल्या जाणाऱ्या काही जाती सोडल्या तर बहुतेक जातींत फारकत आणि पाट (बाईचं पुन्हा लग्न) दोन्ही चालत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे चार खंड काढले, त्यात जातवार ही नोंदच आहे. १९५५ च्या कायद्यानंही कलम २९ (२) मध्ये रूढीनं होणारी फारकत राखून ठेवली. म्हणजे फारकत होती, कायदेशीर होती, फक्त तिला कार्यालय नव्हतं. पंच बसायचे, काडी मोडायची, संपलं. पण सरकारचं लक्ष नव्हतं असं मात्र नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या यादीत घटस्फोटाच्या दस्तासाठी वेगळी बाब आहे, मूळ दर एक रुपया. नोंदवही ठेवली नाही, रुपया मात्र घेतला.

काटोलला आम्ही रविवारी गेलो. म्हातारी आजी पणजोबांची पुतणी, शहाऐंशी वर्षांची, ओसरीत संत्री निवडत बसलेली. पोरीनं "आजी, ती बाळंतपणात गेली ना?" असं विचारल्याबरोबर हातातलं संत्रं टोपलीत टाकून म्हणाली, "अवं, मेली कुठची! चांगली जित्ती होती थे. फारकत झाली तिची."

पुढचा अर्धा तास मी वहीत लिहून घेतला. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ओसरीवर पंच बसले, बाईचा बाप आणि भाऊ सावनेरकडून बैलगाडीनं आले. बाईनं डोरलं उतरवून ताटात ठेवलं. तिच्या काकानं, म्हणजे पणजोबांनी, काडी मोडली. एक कागद लिहिला, तो तिच्या बापानं घडी करून पागोट्यात खोवला. पोर आईच्या कडेवर होती. "लहान पोरांले बाहेर हाकललं, पण मी खांबामागून पाहत होती."

मी विचारलं, "मग कोर्ट कुठून आलं?"

"कोर्ट मंग झालं. काका मेल्यावर. वावरासाठी."

या दोन शब्दांनी सगळं फिरलं. कोर्टात सोडचिठ्ठी झालीच नव्हती. सोडचिठ्ठी ओसरीवर झाली, आणि कोर्टात बारा-चौदा वर्षांनी वावराचा दावा चालला. म्हातारीच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र बसल्या होत्या. तोंडी आठवणीत असं नेहमी होतं. माणसं आणि भांडण बरोबर असतं, साल आणि जागा घसरते. म्हणून आजी-आजोबांना "कधी" विचारू नये. "कोण बसलं होतं, कुठे बसलं होतं, काय हातात दिलं" असं विचारावं.

कागद नोंदवला गेला असेल का, हे बघायला आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयाची वाट धरली. फारकतनामा स्थावर मिळकतीचा दस्त नसल्यामुळे त्याची नोंदणी सक्तीची नव्हती, ऐच्छिक होती. केली असेल तर ती पुस्तक क्रमांक चारमध्ये (संकीर्ण दस्तांच्या) सापडते, आणि त्याची सूची चौथी. पुस्तक एक, म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं, कोणीही पाहू शकतो. चारमधली नक्कल मात्र दस्त करून देणारा, घेणारा किंवा त्यांचा प्रतिनिधी यांनाच मिळते. त्यामुळे पणतीनं वारस म्हणून प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला. एका कार्यालयात "एवढ्या जुन्याला वाळवी लागली" असं न बघताच सांगितलं. दुसऱ्या खेपेला दुसरा माणूस भेटला, त्यानं सूची काढून समोर ठेवली. नोंद नव्हती. वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, खेड्यातल्या फारकती फार कमी नोंदवल्या जात.

खरं काम फेरफारानं, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीनं, केलं. पणजोबा १९५८ ला वारले. गावच्या दफ्तरात त्यांच्या मागे वारसांचा फेरफार: विधवा आणि दोन अज्ञान (अल्पवयीन) मुलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चार वर्षांनी त्याच गटावर आणखी एक फेरफार होता, आणि तो कोणी कधी उघडून पाहिला नव्हता. आठ एकरांतले दोन एकर एका बाईच्या नावे, कारण "दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा", पुढे दाव्याचा नंबर आणि साल १९६०. बाईच्या नावापुढे बापाचं नाव, म्हणजे आमचे पणजोबा.

१९५८ हे साल इथे महत्त्वाचं. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला आणि मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली. पणजोबा तीन वर्षं आधी गेले असते तर मुलं आणि विधवा असताना त्या मुलीचा हक्कच उभा राहिला नसता, दावा झाला नसता, आणि आज आपल्या हाती कोतवाल बुकातल्या त्या एका ओळीपलीकडे काही आलं नसतं. वावर स्वकष्टार्जित, वारस चार, आठ एकरांचे चार भाग. फारकतीनं बायकोचं नातं तुटतं, मुलीचं तुटत नाही.

निकाली दाव्याचं रेकॉर्ड जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात होतं. ज्यांनी कधी ही खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: सालवार, न्यायालयवार बस्ते, लाल कापडात बांधलेले, वर चिठ्ठी. १९५६ च्या आधीच्या आपल्याकडच्या दाव्यांत नंबराला ए किंवा बी जोडलेलं असे, ए मालकीहक्काचे वगैरे, बी पैशाचे; ते अक्षर विसरलात तर तोच नंबर दुसऱ्याच दाव्याचा निघतो. हा दावा नंतरचा, त्यामुळे तो त्रास नव्हता. अर्ज करताना पोरीनं आधी "संशोधनासाठी" असं कारण लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. संशोधक म्हटलं की तुम्ही त्रयस्थ होता आणि त्रयस्थाला न्यायाधीशांची परवानगी लागते. "प्रतिवादी क्रमांक दोनची नात, वारस" असं लिहिलं की तुम्ही त्या दाव्यातलेच माणूस होता. आणि ती होतीच. प्रतिवादी क्रमांक दोन म्हणजे तिचे आजोबा, वय दहा वर्षं, अज्ञान, तर्फे आई. नक्कल हातात आल्यावर ती ओळ तिनं दोनदा वाचली. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. दहाव्या वर्षी सावत्र बहिणीविरुद्ध आपलं नाव दाव्यात होतं हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

बस्त्यात फक्त निकाल आणि हुकूमनामा उरले होते. साक्षी, दस्तांची फेरिस्त, रोजनामा, सगळं मुदत संपल्यावर नष्ट केलेलं. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्यापासून हे नियमानं चालतं. त्यात कोणाचा दोष नाही, पण दरवेळी जीव जळतो, कारण माणसं साक्षीत बोलतात, निकालात न्यायाधीश बोलतो.

तरी निकाल इंग्रजीत अकरा पानांचा होता आणि न्यायाधीश बोलका निघाला. वादी सोळा वर्षांची, अज्ञान, तर्फे आई. आई आता सावनेरच्या दुसऱ्या माणसाची पाटाची बायको. धाकट्या पणजीच्या वकिलानं बचाव असा घेतला की वादीची आई मयताची लग्नाची बायको कधी नव्हतीच, ठेवलेली होती, आणि मुलगी मयताची आहे याला पुरावा नाही. लग्न १९४१-४२ च्या सुमाराचं. तेव्हा लग्नाची नोंद कोण करत होतं? भटजी मेलेला, वरातीतले साक्षीदार अर्धे मेलेले. मग वादीनं एक कागद हजर केला: फारकतनामा. न्यायाधीशानं लिहिलं आहे की ज्या माणसानं "लग्नाची बायको" म्हणून फारकत लिहून दिली आणि त्यात मुलीचं वय टाकलं, त्याच्या वारसांना आता लग्नच नाकारता येणार नाही.

मी इतकी वर्षं हे कागद हाताळले, पण हे मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. त्या लग्नाचा जगातला एकमेव लेखी पुरावा म्हणजे ते मोडल्याचा कागद. आम्ही त्या कागदाकडे शेवट म्हणून बघत होतो आणि त्या मुलीनं तो सुरुवात म्हणून वापरला.

निकालाच्या शेवटच्या पानाखाली कारकुनाचा शेरा होता: मूळ दस्त वादीस परत दिला, पुढे अंगठा आणि तारीख. तेव्हा कागद न्यायालयात नव्हता, सावनेरला होता. असला तर.

होता. वादी आज ऐंशी उलटलेल्या. नातवानं आम्हाला आत बसवलं आणि भिंतीवरच्या देवाच्या फोटोमागून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. (जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका हो. आत ओल राहिली की कागद पिवळा पडून कुजतो आणि सोडवताही येत नाही. पातळ सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात ठेवा.) नातू अभिमानानं म्हणाला, "आमच्याकडे १८६९ चा कागद आहे, दीडशे वर्षांचा."

कागदावर १८६९ होतंच, पण ते शके. माघ वद्य, शके १८६९. अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९४७ येतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण शक चैत्रात बदलतो आणि माघ इंग्रजी फेब्रुवारी-मार्चात येतो, तेव्हा एकोणऐंशी मिळवायचे: १९४८. खात्री हवी होती म्हणून मी कागद उलटा करायला सांगितला. पुढच्या बाजूला सहाव्या जॉर्जचा छाप, मागे स्टॅम्प विक्रेत्याचा शेरा: अनुक्रम, घेणाऱ्याचं नाव, आणि इंग्रजी तारीख, २७ फेब्रुवारी १९४८. स्टॅम्पची पाठ कोणी वाचत नाही. नेहमी वाचा. घेणाऱ्याचं नाव बाईच्या बापाचं होतं, म्हणजे फारकतीचा खर्च तिच्या माहेरच्यांनी केला होता.

मजकूर पंधरा ओळींचा. "कारणे फारकत लिहून देतो ऐसी जे" अशी सुरुवात, मग गावं, नावं, "तू माझी लग्नाची बायको", मग "आपला जम बसत नाही". कारण एवढंच. पुढे: सरी एक, गोठ जोडी, भांडी पावली. मुलगी वय वर्षे चार, आईजवळ राहील. "तू पाट लाव अगर कशीही राहा, माझा उजर (हरकत) नाही." खाली चार पंचांच्या सह्या, त्यातली एक मोडीत, आणि पणजोबांची सही. पोरीनं पणजोबांचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. घरात त्यांना अंगठाछाप म्हणत.

सावनेरच्या आजींना कागदात काय आहे ते तोंडपाठ होतं. कागद त्यांनी नेऊ दिला नाही, फोटो काढू दिला. दोन एकर वावर त्यांनी धाकट्या मुलीच्या लग्नात विकलं, तेही सांगितलं. आपल्या सावत्र आईबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझा आजा येत होता माह्याकडे. दिवाळीले. घरी सांगत नसन." पोरगी यावर काही बोलली नाही, मीही वही बंद केली.

भावाला आधी धाकधूक होती की नवी शाखा दाखवली तर पडताळणी समिती आणखी प्रश्न काढेल. मी त्याला उलट सांगितलं. १९४४ ची नोंद तुझ्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी आहे. ती लावायची असेल तर "यास मुलगी" ही कोण हे वंशावळीत दिसलंच पाहिजे, नाहीतर दक्षता पथक तेच विचारेल. इथे एक बारीक गोष्ट: निकाल दिवाणी वारसाहक्काचा होता म्हणून त्याची नक्कल बिनधास्त जोडता आली. हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाचा निकाल असता तर कलम २२ ध्यानात ठेवावं लागलं असतं, त्या कामकाजाचा मजकूर छापायला किंवा प्रसिद्ध करायला मनाई आहे. हयात माणसांच्या बाबतीत तर स्वतःहूनही हात आखडावा.

प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ पोरीनं नव्यानं काढली. पणजोबांच्या नावाखाली दोन रेघा. पहिल्या रेघेवर थोरल्या पणजीचं नाव आणि कंसात "फारकत १९४८". निकालातल्या इंग्रजी स्पेलिंगवरून आम्ही त्या नावात ट वाचला होता. टाइप केलेला कागद घेऊन ती सह्यांसाठी परत सावनेरला गेली, तेव्हा आजींनी नातवाला तो मोठ्यानं वाचायला लावला, आणि त्या नावाशी थांबवलं. "त. माझ्या मायच्या नावात त हाये." कागद पुन्हा टाइप करून आणला.